गणवेश उतरल्यानंतरचे घर

(सैनिकी कुटुंबांचे समुपदेशन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



महाभारताची अठरा पर्वे आहेत. कुरुक्षेत्रावरील संहार दहाव्या पर्वाच्या अखेरीस संपतो. पण ग्रंथ तेथे संपत नाही. पुढे स्त्रीपर्व येते, त्यात रणांगणावर आप्तांची प्रेते शोधणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यानंतर येणारे शांतिपर्व हे तर साऱ्या महाभारतातील सर्वांत विस्तृत पर्व होय. विजयी युधिष्ठिर तेथे सिंहासनावर बसण्यास नकार देतो. त्याला वनात निघून जायचे आहे. ज्याला आपण शत्रू म्हणून मारविले तो कर्ण आपलाच ज्येष्ठ बंधू होता, हे त्याला युद्ध संपल्यावर, मातेच्या मुखातून कळलेले असते. अर्जुन, भीम, नकुल, सहदेव आणि द्रौपदी असे सारे घर त्याच्याभोवती बसते. कोणी समजावते, कोणी रागावते, द्रौपदी तर स्पष्टच सुनावते. मग व्यास येतात, श्रीकृष्ण येतात आणि अखेर शरपंजरी पडलेल्या पितामहांशी दीर्घ संवाद होतो.

या प्रसंगाचा अर्थ आजच्या भाषेत सांगायचा तर असा, की युद्धावरून परतलेल्या एका योद्ध्याचे मन सावरण्यासाठी संपूर्ण कुटुंब एकत्र बसले आणि एका जाणत्या वडीलधाऱ्याने तो संवाद पुढे नेला. व्यासांना जे उमगले होते, ते आधुनिक जगाला पुन्हा शिकावे लागले. त्यासाठी विसावे शतक खर्ची पडले.

जखमेला नाव मिळेपर्यंत

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणारे काही सैनिक शरीराने धडधाकट असूनही थरथर कापत, त्यांची वाचा जाई, डोळ्यांपुढे अंधार येई. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेलशॉक’ हा शब्द योजला. तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा प्रारंभीचा तर्क होता. परंतु गोळा जवळपास न पडलेल्या माणसांतही हीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा तो तर्क लंगडा पडला.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे लष्करी अधिकाऱ्यांसाठी जे रुग्णालय होते, तेथे डॉ. रिव्हर्स काम करीत. हे रिव्हर्स भारतीय अभ्यासकांना वेगळ्या कारणाने परिचित आहेत. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला होता. परक्या समाजात बसून शांतपणे ऐकण्याची सवय असलेल्या या माणसाने रुग्णांना ‘विसरून जा’ असे सांगण्याचे नाकारले. आठवण दाबून ठेवल्याने ती रात्री स्वप्नात उसळून येते. तिला दिवसाच्या उजेडात, सोसवेल इतक्या मात्रेत, सामोरे जावे लागते, अशी त्यांची भूमिका होती.

मात्र त्याच काळात, त्याच साम्राज्याच्या सैन्यात, पळपुटेपणा व भित्रेपणा यांसारख्या आरोपांखाली स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या जात होत्या. अशा ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने मरणोत्तर क्षमा केली ती २००६ साली, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी. त्यांतील कित्येक जण आजारी असावेत, हे मान्य करण्यास एवढा काळ जावा लागला. मधल्या काळात त्यांच्या घरांनी काय सोसले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटले ते व्हिएतनाम युद्धानंतर. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये काही माजी सैनिक एकत्र बसून आपसात बोलू लागले. शतान आणि लिफ्टन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसत. या बैठकांतून आणि नंतरच्या आग्रहातून एक चळवळ उभी राहिली. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात ‘आघातोत्तर तणाव विकार’ याचा अधिकृत समावेश केला. पुढे १९८८ साली पूर्ण झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना त्या वेळी हा विकार होता आणि सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी तो जडला होता, असे आढळले. युद्ध संपून तेव्हा तेरा वर्षे उलटली होती.

घराचे रिंगण

सैनिकाच्या मनाचा अभ्यास असा पुढे जात असता, त्याच्या घराचा विचार करणारे अभ्यासक थोडे होते. त्यांत रूबेन हिल हे नाव अग्रभागी येते. दुसऱ्या महायुद्धात आयोवा राज्यातील ज्या घरांतून कर्ता पुरुष लढाईवर गेला आणि परत आला, अशा १३५ कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला. १९४९ साली तो ग्रंथरूपाने आला. संकट स्वतः किती मोठे आहे, कुटुंबापाशी साधनसामग्री किती आहे आणि कुटुंब त्या संकटाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, या तिन्हींच्या मेळातून घर कोसळते की तरते हे ठरते, असे त्यांचे सूत्र होते.

त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक मार्मिक आहे. पती दूर गेल्यावर घर आपले रिंगण आवळून घेते. पत्नी व्यवहार पाहू लागते, थोरला मुलगा बापाच्या जागी उभा राहतो. हे आवश्यकच असते. परंतु रिंगण पूर्णपणे मिटले तर परतलेल्या माणसाला आत जागा उरत नाही. आणि रिंगण मुळीच मिटले नाही, तर तो दूर असतानाच घर मोडकळीस येते. जी कुटुंबे स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि तरी त्याच्यासाठी एक फट मोकळी ठेवू शकली, ती पुनर्भेटीत अधिक सुखरूप राहिली.

अमेरिकी संसदेने १९७९ साली व्हिएतनाममधील माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रे काढण्याचा कायदा केला. ही केंद्रे मोठ्या रुग्णालयांच्या आवाराबाहेर, वस्तीत, दुकानांच्या रांगेत उघडण्यात आली. कारण इस्पितळाच्या दारातून आत जाणे अनेकांना अपमानास्पद वाटे. समुपदेशकांत बरेच जण स्वतः माजी सैनिक होते. आज अशी सुमारे ३०० केंद्रे आहेत आणि तेथे पत्नी-मुलांनाही बोलता येते. ऑस्ट्रेलियाने १९८२ साली याच धर्तीची सेवा सुरू केली. तिचा विस्तारही पुढे कुटुंबीयांपर्यंत झाला.

समुपदेशनाच्या खोलीत

हे काम प्रत्यक्षात चालते कसे? एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. चाळिशीचा निवृत्त हवालदार, त्याची पत्नी आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा समुपदेशिकेसमोर येऊन बसले आहेत. तक्रार मुलाची आहे, तो अभ्यास करीत नाही. अशा घरातून पहिल्या दिवशी ‘युद्धामुळे त्रास होतो’ असे कोणी सांगत नाही. मुलाचे गुण, पत्नीचे डोके दुखणे किंवा पतीचे संध्याकाळचे पिणे, यांपैकी एखादी वाट धरून दुःख दारात येते.

जाणती समुपदेशिका लढाईविषयी आधी विचारत नाही. ती पाहते, की कोण कुठे बसले. हवालदार दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून बसला आहे. प्रश्न मुलाला विचारला, तर उत्तर आई देते. बाप बोलू लागला, की मुलगा बुटाच्या नाडीशी चाळा करतो. मग साधे प्रश्न येतात. रात्री झोप किती लागते? घरात बँकेचे पुस्तक कोणाकडे असते? तुम्ही घरात पाऊल टाकता तेव्हा दूरचित्रवाणीचा आवाज कमी कोण करते?

या शेवटच्या प्रश्नावर पत्नी सहज सांगते, “मीच करते. त्यांना आवाज सहन होत नाही.” हळूहळू यादी वाढत जाते. गणपतीच्या मिरवणुकीला हे घर जात नाही. दिवाळीत मुलगा फटाके वाजवीत नाही. लग्नाची पंगत असली, की पत्नी एकटी जाऊन आहेर करून येते. मागून कोणी हाक मारायची नाही, झोपेतून उठवायचे झाले तर पायाच्या अंगठ्याला हात लावून दूर व्हायचे, हे मुलाला लहानपणापासून ठाऊक आहे. हे सर्व प्रेमापोटी चालले आहे. पण त्याचा परिणाम असा, की त्या माणसाला जगाशी पुन्हा ओळख करून घेण्याची संधीच मिळत नाही. त्याची भीती घराने आपल्या खांद्यावर घेतली आहे आणि म्हणूनच ती जिवंत आहे. पत्नीला यात दोषी ठरवून चालत नाही. तिच्या मायेला दुसरी दिशा दाखवावी लागते.

यासाठी पती-पत्नी दोघांना एकत्र बसवून करावयाची एक उपचारपद्धती कँडिस मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिच्या १५ बैठका तीन टप्प्यांत विभागलेल्या असतात. प्रथम आजाराची माहिती आणि घरातील सुरक्षितता. नंतर एकमेकांशी बोलण्याची रीत, आणि टाळलेल्या गोष्टी दोघांनी मिळून थोड्याथोड्या करून पाहणे. शेवटी, घडलेल्या घटनेचा मनाने लावलेला अर्थ तपासणे. बोस्टनमधील माजी सैनिकांचे रुग्णालय आणि टोरांटोतील एक विद्यापीठीय केंद्र येथे ४० जोडप्यांवर झालेल्या या पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. प्रतीक्षायादीवरील जोडप्यांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांची लक्षणे लक्षणीयरीत्या कमी झाली आणि त्या रुग्णांना आपले सहजीवनही अधिक समाधानाचे वाटू लागले.

वर कल्पिलेल्या घरात याचे रूप अगदी साधे असेल. पहिल्या आठवड्यात दोघांनी सकाळी लवकर, गर्दी नसताना, मंडईत जायचे. भाजी घ्यायची, छाती धडधडली तरी लगेच परतायचे नाही, धडधड ओसरेपर्यंत थांबायचे. पुढच्या आठवड्यात थोडे उशिरा जायचे. पत्नीने पुढे होऊन पैसे द्यायचे नाहीत. पाव किलो मिरच्या विकत घेणे हा एखाद्या माजी हवालदाराच्या आयुष्यातील मोठा विजय असू शकतो, हे ज्याला कळले त्याला हे काम कळले.

काही मर्यादाही येथे पाळाव्या लागतात. घरात गंभीर मारहाण होत असेल, तर पती-पत्नींना एकत्र बसवून बोलते करणे धोक्याचे ठरते. खोलीत पत्नी जे बोलली त्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. अशा वेळी तिची व मुलांची सुरक्षा प्रथम, बाकी सारे नंतर. माणूस निराश दिसत असेल, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे लागते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना विचारले गेल्याने हायसे वाटते. घरात परवान्याची बंदूक असेल, तर काही काळ ती दुसरीकडे सुरक्षित ठेवण्याविषयीही बोलावे लागते.

आणि एक जखम अशी असते, की तिला भीती हा शब्द पुरत नाही. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली आपल्या ग्रंथात होमरच्या अकिलीझची कथा आणि व्हिएतनामच्या सैनिकांच्या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. आपल्या हातून, आपल्या डोळ्यांदेखत किंवा आपल्या वरिष्ठांच्या आज्ञेने जे घडले ते धर्माला धरून नव्हते, ही जाणीव माणसाला आतून कुरतडते. तिला ‘नैतिक जखम’ असे म्हटले जाऊ लागले. युधिष्ठिराची जखम हीच होती. तिच्यावर ‘तुझे काही चुकले नाही’ हे घाईचे सांत्वन चालत नाही. कोणी तरी निवाडा न करता ऐकून घ्यावे लागते, आणि पुढे उरलेल्या आयुष्यात काय करावयाचे, याचा मार्ग शोधावा लागतो.

जे परतलेच नाहीत

काही घरांत तर परतणाराच नसतो. वीरगती प्राप्त झालेल्या जवानाच्या घरी तिरंग्यात लपेटलेली शवपेटी येते, सारा गाव लोटतो, मानवंदना होते. दुःख अपार असते, पण त्याला आकार असतो. याहून निराळे दुःख बेपत्ता सैनिकांच्या घरांचे. अमेरिकेच्या पॉलीन बॉस यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ असे नाव दिले. तेथे शोक पूर्ण होत नाही आणि आशाही सोडवत नाही. आपल्या देशात ‘बेपत्ता ५४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सैनिकांच्या घरांनी हेच दुःख दशकानुदशके भोगले. कुंकू ठेवावे की पुसावे, श्राद्ध करावे की वाट पाहावी, हा प्रश्न ज्या स्त्रीने रोज सोसला, तिला ‘आता पुढे जा’ असे सांगणारा समुपदेशक तिचे दुःख समजलेलाच नसतो. दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मनात बाळगून जगता येते, एवढा आधार तिला हवा असतो.

बॉस यांच्या मांडणीत वियोगाचा दुसरा प्रकारही आहे. माणूस घरात असतो, समोर जेवायला बसतो, पण मनाने तेथे नसतो. वर वर्णिलेल्या हवालदाराची पत्नी या अर्थाने पती घरी असूनही विरहिणीच असते.

महाराष्ट्राच्या अंगणात

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस सैन्यात, ही तेथील रीत. पश्चिम महाराष्ट्रात अशी आणखीही गावे आहेत. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपराही येथे जुनी आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज पुण्याजवळ खडकी येथे आहे. तेथेच १९७४ सालापासून कण्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र चालते. चाकांच्या खुर्चीवरून स्पर्धा जिंकणारे तेथील जवान पाहिले, की मस्तक आपोआप नमते.

शरीराच्या दुखापतीसाठी जे झाले, ते मनाच्या आणि घराच्या दुखापतीसाठी मात्र अजून पुरेसे झालेले नाही. भारतीय शिपाई साधारणपणे पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर, पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. या काळात संसार असतो तो वार्षिक रजेपुरता. पत्नीने शेतीची वाटणी पाहिलेली असते, सोसायटीचे कर्ज फेडलेले असते, सासूच्या आजारपणात रात्री जागविलेल्या असतात. मग एके दिवशी ट्रंक घेऊन तो कायमचा येतो आणि घराला रोलकॉलच्या शिस्तीत बसवू पाहतो. पाहुणा म्हणून ज्याचे लाड झाले, तोच घरधनी म्हणून नकोसा होऊ लागतो. यात दोष कोणाचाच नसतो. हिल यांनी सांगितलेले रिंगण येथेही आहे, केवळ त्यात लुगड्याचा पदर आणि उसाचा फड आहे.

शासकीय पातळीवर काही पावले पडली आहेत. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना २००३ सालापासून चालू आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. राष्ट्रीय दूरध्वनी मानसिक आरोग्य सेवा, म्हणजे ‘टेलिमानस’, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु दूरध्वनी उचलण्यासाठी आधी ‘मला बोलायचे आहे’ असे वाटावे लागते, आणि तसे वाटण्यासाठी गावाने परवानगी द्यावी लागते.

२०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेमुळे हा प्रश्न नव्या रूपात उभा राहत आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर सेवेत राहतील. उरलेले वयाच्या विशी-पंचविशीत घरी परततील. त्यांच्या घरी पत्नी बहुधा नसेल; आई-वडील असतील, गावातले मित्र असतील आणि ‘तुला का ठेवले नाही?’ असा न विचारलेला प्रश्न असेल. या तरुणांना नोकरीइतकीच, घराशी पुन्हा जुळवून घेण्यासाठी मदत लागेल.

सत्काराच्या पलीकडे

येथे समाजाने स्वतःकडे पाहण्याची आवश्यकता आहे. आपण सैनिकाचा सन्मान करतो, आणि तो केलाच पाहिजे. २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देतो, पोवाडे गातो, मुलांना त्याच्या पाया पडायला लावतो. परंतु सत्काराच्या त्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला ‘मला रात्री झोप लागत नाही’ असे म्हणता येते का? वीर कधी भीत नाही, हे वाक्य आपण इतक्या मोठ्याने म्हणतो, की त्याची हळू आवाजातील हाक आपल्या कानी पोहोचत नाही. आपण त्याला देवत्व देतो आणि माणूसपण काढून घेतो. गौरवाचेही एक ओझे असते. ते त्याच्या पत्नीला विशेष वाहावे लागते, कारण वीराच्या घरातील भांडण चारचौघांत सांगण्याची तिला चोरी असते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. ज्या गावांत माजी सैनिकांच्या संघटना आहेत, तेथे महिन्यातून एक संध्याकाळ केवळ गप्पांसाठी असावी. तेथे भाषणे नसावीत. जुन्या सुभेदाराने ‘मलाही त्रास झाला होता’ एवढे एक वाक्य उच्चारले, तर दहा तरुणांचे ओठ उघडतील. पत्नींसाठी वेगळी बैठक असावी. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सैनिकी जीवनाची भाषा शिकविली जावी. पलटण म्हणजे काय, रजा नाकारली जाणे म्हणजे काय, शेजारच्या साथीदाराचे रिकामे अंथरूण म्हणजे काय, हे कळल्याखेरीज समुपदेशकाने त्या घरात पाऊल टाकू नये. आणि दिवसभर इतरांचे दुःख ऐकणाऱ्या त्या समुपदेशकालाही कोणापाशी तरी मन मोकळे करता यावे, अन्यथा ऐकणाराच एक दिवस मूक होतो.

पितामह भीष्मांनी शरशय्येवरून युधिष्ठिराला उपदेश केला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यापूर्वी भावंडांनी आणि द्रौपदीने त्याला एकटे सोडले नाही, त्याचे वनात जाणे मान्य केले नाही आणि त्याचा शोक ऐकूनही घेतला, हे आपण सहसा विसरतो. सीमेवरून परतलेला जवान आपल्या गल्लीत राहतो. त्याच्या घरी पुढच्या वेळी जाल, तेव्हा पराक्रमाची कथा विचारू नका. शेतात यंदा काय लावले ते विचारा, मुलगा कोणत्या इयत्तेत आहे ते विचारा, चहाचा कप हातात घेऊन थोडा वेळ स्वस्थ बसा. आणि जाताना त्याच्या पत्नीलाही विचारा, “वहिनी, तुम्ही कशा आहात?” हा प्रश्न तिला कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नसेल.